तेरड्याची मूठ

मुख्याध्यापिका म्हणून हजर झाले त्या दिवशी टेबलावर खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली होती. लेबल खरवडून काढलेलं, आत दोन बोटं पाणी आणि गवताची एकच काडी, टोकाला तांबूस तुरा. कोणीतरी उचलायला विसरलं असेल म्हणून मी ती खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली परत टेबलावर. मी परत खिडकीत. तिसऱ्या दिवशी मी घंटी वाजवली.

आत आल्या त्या हौसाबाई. शाळेच्या शिपाई. पन्नाशी ओलांडलेली, उंचीनं कमी, खांद्यानं रुंद, गणवेशाच्या निळ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि किल्ल्यांचा जुडगा पदराच्या टोकाला.

"हे काय आहे?"

"गवात हाय, बाई."

"ते दिसतंय. टेबलावर कशाला?"

"खिडकीत मागनं ऊन येतंय. रंग कळत न्हाई. हितं सावलीत बराबर कळतोय."

मी म्हटलं, ठेवायचंच तर जरा चांगला गुच्छ तरी ठेवा. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "आवं, एकच ठिवायचं. दोन ठिवली की कोणच बघत न्हाई."

मी फुलापानांत रमणारी बाई नाही. माझं घर सांगलीला, विश्रामबागेत. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं, मधले दिवस उंब्रजला भाड्याच्या खोलीत काढायचे, शनिवारी दुपारी परत. शाळा उंब्रजपासून पाच-सहा किलोमीटर आत, मुलींचं हायस्कूल. गळकं छप्पर, अपुरे शिक्षक आणि सगळ्या मुलींना मिळून दोन स्वच्छतागृहं, त्यातल्या एकाला दार नाही. असल्या ठिकाणी गवताच्या काडीकडं बघायला मला वेळ नव्हता. पण बाटली टेबलावर राहिली. श्रावण सरला की तिच्यातलं रोज बदलायचं. कधी कुर्डूचा तुरा, कधी आघाड्याची काडी, कधी किड्यानं खाऊन नुसत्या शिरा उरलेलं पान. पानाच्या दिवशी मी विचारलं, हे कशासाठी? "बघा की, किती नेटानं खाल्लंय. एक शीर तोडली न्हाई."

त्यांचे मालक फौजेत होते. लग्नानंतर दोन वर्षं त्या त्यांच्याबरोबर हिमाचलात राहिल्या होत्या. तिथली पानगळ त्यांनी पाहिली होती. "झाडं पेटल्यागत दिसायची. लोक गाड्या करून बघाय यायचं. मी मालकांना म्हनायची, आपल्या बांधावर भादव्या-आश्विनात काय कमी पेटतंय व्हय? पर त्याला आपली माणसं तण म्हनत्यात आन औषध मारत्यात."

त्यांची ही आवड बाटलीपुरतीच आहे असं मला वाटत होतं. तपासणीच्या दिवशी ते खोटं ठरलं.

तपासणीला आलेले साहेब कमी बोलणारे होते, आणि असे साहेब जास्त धोक्याचे. त्यांनी जुनी हजेरीपत्रकं मागितली. हौसाबाईंनी कपाट उघडलं, पण पत्रकं टेबलावर ठेवताना त्यांचा हात थबकला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. साहेबांनी दहावीचं एक जुनं हजेरीपत्रक मधोमध उघडलं. आत सोनकीची पिवळी फुलं होती, देठासकट, कागदासारखी सपाट. पुढच्या पानावर नेच्याचा झुपका. त्याच्या पुढं काहीतरी निळं, ज्याचा डाग तीन मुलींच्या नावांवर उतरला होता. साहेबांनी एकेक पान उलटलं. पंख्याखाली एक पाकळी उडाली आणि त्यांच्या चहात पडली.

"हा दप्तराचा भाग आहे का, मॅडम?"

मी चहाचा कप बाजूला सरकवला. दप्तर खराब करणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि हौसाबाईंच्या निवृत्तीला तेव्हा दीड-दोन वर्षंच उरली होती. त्या भिंतीला टेकून उभ्या. साहेब गेल्यावर मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. देणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, रेघांच्या कागदावर, सातवी पास अक्षरात:

'पाने ठेवली. चूक झाली. दुसरे काही जड आहे का?'

तो कागद मी फायलीला लावला. मग अडगळीतून चार फाटके नकाशासंग्रह आणि प्रयोगशाळेतली लोखंडी वजनं काढून त्यांच्या हवाली केली. त्यांनी मला रोज कागद बदलायचा कसा ते दाखवलं. ओल राहिली की पान काळं पडतं. "दाबायचं, पर गुदमरवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मी ऐकलं आणि विसरले. हे विसरणं पुढं महाग पडलं.

शाळेच्या मागं एक उतार होता. मुरमाड, वाकडातिकडा, कशाच्याही कामाचा नाही. पावसाळ्याच्या शेवटी तो तेरड्यानं गुलाबी व्हायचा. त्या गावात गौरी तेरड्याच्याच. बायका रोपं मुळासकट उपटून नेतात, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. गावाच्या गौरी पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावरून जायच्या, आणि किल्ल्या हौसाबाईंकडं आल्यापासून उताराची राखणही त्यांच्याकडं आली होती. कोणी नेमलं नव्हतं. नियम एकच: पाच रोपं सोडायची, सहावं उपटायचं. राहिलेली आश्विनात बी टाकतात. सहाव्याबरोबर सातवंही उपटणारीच्या हातावर त्यांनी खराट्याची काडी मारलेली मी पाहिली आहे, आणि ती बाई सरपंचांची आई होती.

तिसऱ्या वर्षी स्वच्छतागृहांची मंजुरी आली. जागा एकच होती, तो उतार. हे मी हौसाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी होकारार्थी मान डोलावली. दार नसलेल्या स्वच्छतागृहासमोर मधल्या सुट्टीत पाठ करून उभं राहायचं काम त्यांचंच होतं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं.

पण ठेकेदाराचा फोन आला तो नवरात्रातल्या एका संध्याकाळी. जेसीबी उद्या सकाळी मोकळा आहे. परवापासून तो कारखान्याच्या रस्त्याच्या कामाला जाणार, मग दिवाळीनंतरच. आणि दिवाळीआधी काम सुरू झालं नाही तर मंजुरी परत जाणार. मी हो म्हटलं.

हौसाबाई दारं लावत होत्या. मी सांगितलं. कुलूप लावायचा हात थांबला.

"आठ दिस थांबा, बाई."

"नाही थांबता येणार."

"शेंगा कवळ्या हायत. आता उकरलं तर बी मरतंय सगळं."

"तेरडा काय, कुठंही उगवतो, हौसाबाई."

"कुठं? दावा की. बांधावर औषध, रस्त्याकडंला डांबर. गावात ह्यो येवढाच ऱ्हायलाय."

मी म्हटलं, मी मोबाइलवर सगळ्या उताराचे फोटो काढून ठेवते. तेवढी तरी आठवण राहील.

"फोटू पेरता येतोय व्हय?" एवढं बोलून त्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि निघून गेल्या.

सकाळी साडेसातला मी पोचले तेव्हा जेसीबी उताराच्या तोंडाशी घुरघुरत होता आणि त्याच्या पुढ्यात, तेरड्याच्या मधोमध, हौसाबाई उकिडव्या बसल्या होत्या. आडवं झोपून मागण्या करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कामाला बसल्या होत्या. शेजारी मध्यान्ह भोजनाची दोन पातेली आणि शाळेतल्या झाडून सगळ्या बादल्या. एका हातानं रोप धरायचं, दुसऱ्या हाताचा खोंगा पिकल्या शेंगेखाली न्यायचा आणि मूठ झाकायची. तेरड्याची शेंग बोट लागताच फुटते, बी चार हात उडतं. ते मुठीतच फुटायला हवं. कोवळ्या शेंगांची रोपं त्या मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट बादलीत उभी करत होत्या.

ड्रायव्हर विजापूरकडचा, तरुण, घाईतला. "आवं मॅडम, आजीला उठवा की. डिझेल जळायलंय."

"उठवून बघ तूच," मी म्हटलं.

"आजी, बाजूला सरा हो! यंत्राला डोळे नसतात!"

"तुला हायत न्हवं? मग बघ की जरा," त्या वर न बघता म्हणाल्या.

ठेकेदाराचा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही. मी उताराचा अंदाज घेतला आणि ड्रायव्हरला म्हटलं, कुंपणाच्या बाजूनं सुरू कर. तिथं दगड आहेत, तुला बारापर्यंत पुरतील. तिकडून इकडं ये. तो कुरकुरला, पण वळला. दगडावर दात घासल्याचा आवाज सुरू झाला. मग मी चपला काढल्या आणि उतारावर गेले. पहिली शेंग माझ्या बोटांतून फुटून उडाली. दुसरीही. तिसरीचं बी माझ्या चष्म्यावर आपटलं.

"बाई, सही कराय जमतंय," हौसाबाई म्हणाल्या, "मूठ झाकाय न्हाई."

साडेअकरापर्यंत जेसीबी आमच्यापासून दोन हातांवर आला होता. जमीन पायाखाली हादरत होती. शेवटची ओळ राहिली होती आणि हौसाबाई उठत नव्हत्या. लोखंडी हात वर गेला, माती ओघळून त्यांच्या पाठीवर पडली. मी ओरडले. ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं, खाली उतरला, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, आणि शेवटची बादली स्वतः उचलून व्हरांड्यात नेऊन आदळली. दुपारपर्यंत उतार सपाट झाला.

त्यांना आठ दिवस मिळाले, पण बादल्यांत. व्हरांडाभर तेरडा उभा. पालक हसायचे, मुली बादल्या ओलांडून वर्गात जायच्या. रोज अकराच्या सुमारास, ऊन चढलं की, हौसाबाई एकेक शेंग मुठीत घ्यायच्या. शेवटी मुठीएवढं बी जमलं. काळपट, मोहरीहून मोठं. ते त्यांनी जुन्या पातळाच्या फडक्यात सैल बांधलं आणि माझ्या कार्यालयातल्या खिळ्याला टांगलं. नातवंडांमुळं घरात काही जागेवर राहत नाही, म्हणाल्या.

दिवाळीची सुट्टी लागली. निघताना मला खिळ्यावरचं गाठोडं दिसलं. शाळेत उंदीर लय. मी व्यवस्थित बाई. मी बी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतलं, झाकण दाबून लावलं, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि निश्चिंत मनानं सांगलीला गेले.

सुट्टीनंतर डबा उघडला तेव्हा आतून कुबट वास आला. बियांवर पांढरी लव चढली होती. बी वरून सुकलेलं दिसत होतं, आत ओल होती.

हौसाबाईंनी डबा हातात घेतला, आत पाहिलं, झाकण उलटं करून त्यावरचं पाणी बोटानं पुसलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "उंदीर लय झालं होतं खरं." झाकण परत लावलं. मग एवढंच, "बाई, तुमचं कपाट लय घट्ट." त्या मला टोचून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी बी परातीत पाण्यात टाकलं. तरंगलं ते मेलेलं. बुडालं ते उन्हात पसरलं. मुठीची चिमूट उरली होती.

मेमध्ये त्या निवृत्त झाल्या. जूनमध्ये छत्री घेऊन फाटकाशी उभ्या. "बाई, आत येऊ?" तीस वर्षं ज्या बाईनं ते फाटक उघडलं ती विचारत होती. नव्या स्वच्छतागृहांची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये दीड हाताची पट्टी उरली होती. त्यांनी राडारोडा वेचला, बोटानं भोकं पाडली आणि बी टाकलं.

बारा रोपं आली.

गौरी आणायच्या दिवशी बायका ताटं घेऊन आल्या. कुंपणाशी गर्दी, नव्या साड्या, हळदीकुंकवाचे करंडे. हौसाबाई पट्टीच्या तोंडाशी खराटा घेऊन उभ्या. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हौसा, सर बाजूला. शाळा काय तुझी हाय?"

"शाळा न्हाई. नेम माझा हाय. पाच सोडून सहावं. बारात दोन."

"आन बाकीच्यांनी काय करायचं? घरात गौर न्हाई आणायची?"

एक रोप त्यांनी गावदेवीला दिलं. तिथं सगळ्यांनी हळदकुंकू वाहावं. दुसरं ज्या घरात नवी सून पहिल्यांदा गौर आणणार होती त्या घरी. त्यांची स्वतःची सून, सुमन, हातात ताट घेऊन शेवटपर्यंत उभी होती.

"आमच्या घरात काय मग, आत्या?"

"नदीवरनं खडं आण सात. खड्याची बी गौरच असती."

"सगळ्या गावाला शिकवायचं आन घरात दगडं!" सुमन ताट आपटून निघून गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "पातेलंभर रोपं नेली हुती हिनं. बी राखता आलं न्हाई, आन आता आमच्यावर नेम!"

हौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. खराटा दोन्ही हातांनी धरलेला, मान खाली. त्यांनी गावात कोणालाच काही सांगितलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. दहा महिने हे त्या ऐकत असणार.

मी बाहेर गेले. "बी माझ्या हातून कुजलं," मी म्हटलं. "त्यांनी सैल बांधून ठेवलं होतं. मी डब्यात कोंबलं."

बायका माझ्याकडं वळल्या. मग मागं उभी एक म्हातारी म्हणाली, "मग पुढच्या साली राखणीला तुमीच बसा, मोठ्या बाई." कोणीतरी हसलं. ताटं हळूहळू परत फिरली.

हौसाबाई माझ्यावर चिडल्या. "कशाला सांगितलंसा? आता गावात तुमाला कोण च्या पाजायचं न्हाई." आणि खरंच, दिवाळीपर्यंत कोणी पाजला नाही.

त्या आश्विनात दहा रोपांचं बी त्यांनी एकटीनं धरलं. गाठोडं कुठं टांगलं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या भाद्रपदात पट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यावरून तेरडा मुलींच्या नळापर्यंत आला होता. सुमननं त्या वर्षी पाच सोडून सहावं स्वतः मोजून उपटलं, आणि मोजताना ती मोठ्यानं मोजत होती.

त्याच वर्षी आश्विनात माझी बदली सांगलीला झाली. शेवटच्या शनिवारी उंब्रजच्या स्टँडवर मी दोन पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत उभी असताना हौसाबाई आल्या. निळी साडी नव्हती, पण पदर तसाच खोचलेला. हातात तीच औषधाची बाटली, आत तेरड्याची एक डहाळी, डहाळीला एकच शेंग.

"हे मी कसं नेऊ? गाडीत सांडेल."

"बाटली न्हाई द्यायची तुमाला. ती नव्या बाईंच्या टेबलावर जायाची हाय. हात करा फुडं."

मी उजवा हात पुढं केला. त्यांनी शेंग माझ्या तळहातावर आणली, हलकेच, जणू झोपलेलं काही ठेवत होत्या. "झाका." मी मूठ झाकली. त्यांनी बाहेरून देठ खुडला.

"आजून कवळी हाय जरा. कराडपतूर फुटंल. मूठ उघडू नगा. आन तितं डब्यात ठिवू नगा."

गाडी लागली. डाव्या हातानं दोन पिशव्या चढवणं सोपं नसतं. खिडकीची जागा मिळाली. त्या हात हलवत असतील म्हणून मी वळून पाहिलं, तर त्या स्टँडच्या गटाराशी वाकल्या होत्या. सिमेंटच्या फटीतून आलेलं काहीतरी, मला इतक्या लांबून दिसेना, दोन बोटांनी उचलून बघत होत्या. बाटली बगलेत. गाडी वळली.

कंडक्टर आला. मी डाव्या हातानं पर्स उघडली, नोट काढली, तिकीट तोंडात धरलं. त्यानं माझ्या मुठीकडं पाहिलं.

"ताई, हाताला लागलंय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. कराडच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली आणि मुठीत काहीतरी टचकन हललं. बोटांच्या फटींवर आतून बारीक टोचे आले. मी मूठ घट्ट केली, मग हौसाबाई आठवल्या आणि जराशी सैल सोडली.